दुपारी दमणारा डेस्कटॉप आणि सर्व्हिसिंगचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात अशोक चौकाजवळ शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट. ऑफिसातला डेस्कटॉप 2019 साली घेतलेला. टॅली, बिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी, एवढंच काम. सकाळी नीट चालतो, दुपारी दोननंतर रेंगाळतो, पंखा जोरात ओरडतो आणि एप्रिल लागल्यापासून दोन-तीनदा आपोआप बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणतो, दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंग करून घ्या. घरचे म्हणतात, चालतंय त्याला कशाला हात लावायचा. खरंच गरज आहे का?

ताई, गरज आहे. पण ‘दर सहा महिन्यांनी’ हे सगळ्यांना एकाच मापानं लावायचं औषध नाही. होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये, दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवलेल्या मशीनला वर्षातून एकदा पुरतं. शिवणकामाच्या युनिटात सहा महिने म्हणजे फार झाले. मशीन किती जुनं आहे यापेक्षा ते कुठं ठेवलंय, त्याच्या आजूबाजूला काय उडतं, यावर मी मुदत ठरवतो. आणि तुमचं मशीन दुपारीच दमतं, सकाळी नाही, यातच माझ्या दृष्टीनं निम्मं निदान झालं.

प्रोसेसरवर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक बसवलेला असतो आणि त्याच्यावर पंखा. पंखा हवा थंड करत नाही. खोलीत आहे तीच हवा हीटसिंकच्या पट्ट्यांमधून ढकलतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा गार राहू शकत नाही. खोलीपेक्षा किती अंश वर राहायचं, एवढंच या जोडीच्या, म्हणजे कूलरच्या, हातात असतं. समजायला सोपं जावं म्हणून आकडे धरू. स्वच्छ कूलर असताना कामाच्या भरात प्रोसेसर खोलीपेक्षा 35 अंश वर राहतो असं समजा. सकाळी खोली 27 अंश, प्रोसेसर 62. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखालची खोली 42 वर जाते, तेव्हा प्रोसेसर 77. दोन्ही वेळा चालतंय. आता त्याच कूलरमध्ये तूस, म्हणजे कापडाचे बारीक तंतू, भरलं आणि फरक 35 ऐवजी 55 झाला. सकाळी 82, अजूनही कुणाला काही कळत नाही. दुपारी 97.

इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझनची साधारण 90 ते 95. तिथं पोचला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. तुम्हाला तो रेंगाळल्यासारखा वाटतो तो हाच प्रकार. वेग उतरवूनही तापमान हटेना तर मशीन स्वतःला बंद करतं. प्रोसेसर त्यानं वाचतो, पण त्याच क्षणी टॅलीत बिल सेव्ह होत असेल तर डेटा बिघडू शकतो, आणि मग महिनाअखेरीला कंपनीची फाइल दुरुस्त करत बसायची वेळ येते. प्रोसेसर सहसा जळत नाही हो, नुकसान असं मागच्या दारानं होतं.

दुरुस्तीवाल्याला बोलवायच्या आधी एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, फुकट. दुपारी मशीन रेंगाळायला लागलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू, म्हणजे प्रोसेसरच. तिथं ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो, समजा 2.90 गिगाहर्ट्झ, आणि शेजारी आत्ताचा वेग. सीपीयूचा वापर खूप दिसतोय आणि वेग मात्र बेसच्या खूप खाली, 1 च्या आसपास अडकलाय, असं असेल तर उष्णतेचाच संशय धरा. सीपीयू निवांत आणि ‘डिस्क’ मात्र 100 टक्क्यांवर चिकटलेली, असं दिसलं तर दुखणं वेगळं आहे. ते हार्डडिस्कचं, आणि त्यावर कितीही ब्लोअर मारला तरी फरक पडणार नाही. 2019 च्या मशीनमध्ये साधी हार्डडिस्कच असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळीच तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, टाकून घ्या. त्या एका खर्चानं मशीनमध्ये जेवढा फरक पडेल तेवढा दुसऱ्या कशानं पडणार नाही.

आता तूस. घरातली साधी धूळ आणि शिवणकामाच्या किंवा मागाच्या ठिकाणची धूळ यांत मोठा फरक आहे. साधी धूळ पावडरसारखी असते, बरीचशी हवेबरोबर आरपार जाते. कापसाचे तंतू एकमेकांत अडकतात. पंखा ते ओढून घेतो, पट्ट्यांच्या तोंडाशी ते अडतात, त्यावर पुढचे अडतात, आणि काही महिन्यांत तिथं नमद्यासारखा जाड थर तयार होतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांमधले हीटसिंक उघडले की तो थर चिमटीनं धरून अख्खा उचलता येतो. बाजारात विकायची चादर आत कॉम्प्युटरनंच पांघरलेली असते म्हणा ना.

गंमत अशी की हा थर पंख्याच्या खाली असतो. कॅबिनेटचं झाकण काढून बॅटरी मारली तरी पंखा गरागरा फिरताना दिसतो, पाती पुसलेली दिसतात, आणि बघणारा म्हणतो, आत तर काही नाहीये. पंखा फिरतोय पण हवा पुढे जातच नाही. म्हणून पंखा न काढता, बाहेरूनच दोन मिनिटं ब्लोअर मारून ‘झालं सर्व्हिसिंग’ म्हणणाऱ्याला मी सर्व्हिसिंग मानत नाही. उलट त्या फुंकेनं तूस पट्ट्यांमध्ये अजून घट्ट बसतं. पंखा चार स्क्रूंनी वेगळा होत असेल तर तेवढाच काढायचा, हीटसिंक जागेवर राहू द्यायचा, थर चिमट्यानं उचलायचा, आणि मग ब्रश आणि ब्लोअर.

एक शहाणपणाचा मुद्दा इथंच सांगतो, कारण यात गिऱ्हाइकांचे पैसे उगाच जातात. हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यामध्ये थर्मल पेस्ट असते. हीटसिंक एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. पण दर वेळी हीटसिंक उचलायची गरज नसते. तीन-चार वर्षांनी, किंवा सफाई नीट होऊनही तापमान उतरलं नाही तर, तेव्हा पेस्ट बदलायची. इंटेलचा जो कूलर मशीनबरोबर येतो त्याला प्लॅस्टिकचे चार पाय असतात. काढ-घाल करताना एखादा अर्धवट बसतो, हीटसिंक एका बाजूनं उचललेला राहतो आणि सर्व्हिसिंगनंतर मशीन आधीपेक्षा जास्त तापतं. एएमडीच्या एएम4 सॉकेटच्या मदरबोर्डवर दुसरीच तऱ्हा. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसरच त्याला चिकटून सॉकेटमधून निघतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, मग वीज काढायची, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा आणि सुटला की उचलायचा. हे ज्याला माहीत आहे त्याच्याच हाती मशीन द्या.

प्रोसेसरकडे निदान स्वतःला वाचवायची सोय आहे. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर यांना उष्णता मुकाट्यानं खाते. कपॅसिटरच्या आयुष्याचा एक ढोबळ नियम आहे: दर 10 अंश वाढीला आयुष्य निम्मं. आज 10 अंश जास्त तापलेलं मशीन आज बंद पडत नाही. दोन वर्षांनी ‘काल तर चालत होतं’ म्हणून दुकानात येतं. झाकण उघडलेलं असताना कपॅसिटरचे माथे बघून घ्यायला सांगा. सपाट असले पाहिजेत. फुगलेले किंवा तपकिरी रस आलेला दिसला तर त्याचे दिवस भरलेत.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. आपल्या 230 व्होल्टचं आत सुमारे 325 व्होल्ट डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहू शकतं. बाहेरून, जाळीतून, ब्लोअर मारा, तेवढं पुरे. बऱ्याच नव्या कॅबिनेटमध्ये हा डबा खाली असतो आणि थेट जमिनीजवळची हवा ओढतो. कटिंग टेबलाखाली कॅबिनेट ठेवलं असेल तर चिंध्यांचा सगळा भुगा त्याच्या पोटात. लाकडी पाटावर किंवा स्टुलावर उचलून ठेवा, आणि मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडा. कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात ठेवायची एक पद्धत आहे. ते दार काढून टाका, नाहीतर मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा घेत बसतं.

उन्हाळ्यात झाकण काढून ठेवायची सवय आपल्याकडे बरीच दिसते. तापमान थोडं उतरतं, नाही म्हणत नाही. पण तूस दुप्पट जातं, आणि पाली. उबदार जागा म्हणून पाल आत शिरते, एसएमपीएसमध्ये दोन टोकांना एकदम टेकते, आणि तिचाही कारभार आटोपतो, डब्याचाही. मागच्या बाजूला कार्डांच्या जागी लावलेल्या पत्र्याच्या पट्ट्या निघाल्या असतील तर त्या फटीतून उंदीर जातो आणि वायरी कुरतडतो. झाकण लावा, फटी बंद करा, आणि समोरच्या हवेच्या जाळीवर तुमच्याकडचाच पातळ नेटचा तुकडा ताणून बसवा. दर आठवड्याला तो काढून झटकायचा. झटकायचं कुणी लक्षात ठेवणार नसेल तर नेट लावूच नका, कारण भरलेलं नेट म्हणजे बंद खिडकी.

कूलरबद्दलही दोन शब्द, म्हणजे पाण्याच्या एअर कूलरबद्दल. त्याचा झोत सरळ मशीनवर सोडू नका. ओली हवा आणि आतली धूळ एकत्र आली की बोर्डावर चिकट थर बसतो, आणि असा थर वीज झिरपायला वाट करून देतो. सप्टेंबरातल्या पावसात, विशेषतः आठ-दहा दिवस बंद पडून राहिलेली मशीन्स सुरू करताना जी तक्रार येते, ती बऱ्याचदा याच कारणानं. अगरबत्तीचंही तेच. कॉम्प्युटर टेबलावरच गणपतीचा फोटो आणि त्याच्यापुढं रोज दोन काड्या, अशी ऑफिसं सोलापुरात कमी नाहीत. त्या धुराची काजळी तेलकट असते, ब्लोअरनं हलत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश घेऊन बसावं लागतं. देव तिथंच असू द्या, कॉम्प्युटर दोन हात सरकवा.

मशीनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बघून घ्या. येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसली की पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजएवढा, म्हणजे सुमारे 115 व्होल्टचा दाब दिसतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला फक्त झिणझिणतं, पण पेन ड्राइव्ह, प्रिंटर लावता-काढताना पोर्ट जाण्याचं ते एक कारण आहे. जुन्या पेठांमधल्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकात वायरच नसते. जिथं आहे तिथंही उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक पडली की अर्थिंगचा खड्डा काम करेनासा होतो. त्यात पाणी घालत जा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं.

झाकण उघडलेलंच आहे तर दोन स्वस्त गोष्टी तपासून घ्यायच्या. एक, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर2032, 3 व्होल्टची. संध्याकाळी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून जायची पद्धत चांगली आहे, पण तेवढा वेळ घड्याळ या बॅटरीवर चालतं, त्यामुळे ती लवकर उतरते. उतरली की तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडू देत नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी पोर्टल उघडेना म्हणून लोक इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात, आणि दोष या चिल्लर बॅटरीचा असतो. तुमची 2019 ची असेल, तर न मोजताच बदला.

दुसरी यूपीएसची बॅटरी. लहान यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची असते. तिचं आयुष्य 25 अंश धरून सांगितलेलं असतं आणि तिलाही तो निम्म्याचा नियम लागू आहे. आपल्याकडे दोन-तीन वर्षं टिकली की समाधान मानायचं. वीज गेल्यावर मशीन तत्क्षणी बंद होत असेल तर यूपीएस नावापुरताच उरलाय.

हार्डडिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. निळा रंग ठीक. पिवळा दिसला तर सफाई वगैरे बाजूला ठेवा, आधी डेटा बाहेर काढा.

विंडोज फॉरमॅट करून देणं याला सर्व्हिसिंग म्हणू नका. आत तूस तसंच ठेवून फॉरमॅट मारला की चार दिवस मशीन हलकं वाटतं, कारण मागं चालणारे दहा प्रोग्राम गेलेले असतात. पहिल्या कडक दुपारी पुन्हा तेच. आणि 2019 च्या मशीनमध्ये विंडोज 10 असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तो प्रश्न वेगळा सोडवावा लागेल. ब्रशनं सुटणारा नाही.

स्वतः करायचं मनात असेल तर समोरची जाळी, मागची जाळी आणि पंख्याची पाती, एवढं घरच्या घरी होतं. बटण बंद, प्लग बाहेर, मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं तो भलत्या वेगानं फिरला तर बेअरिंग खराब होतं. कारखान्यातल्या कंप्रेसरचा पाइप मात्र मशीनकडे नेऊच नका. त्याच्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात आणि दाब इतका की कनेक्टर उखडतील. पंखा घरघरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून काही आठवडे ढकलता येतात, तुमच्याकडे ते तेल हाताशीच असणार. पण नवा पंखा काही शे रुपयांत मिळतो, तो बसवून मोकळं व्हावं.

सफाईनंतर मशीन सुरूच झालं नाही तर लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, हललेली असते. ती काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसायचे, भुगा झटकायचा आणि दोन्ही बाजूंनी कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवायची.

तुमच्या युनिटसाठी माझं वेळापत्रक असं राहील. जाळ्या दर आठवड्याला, झाडू मारणाऱ्या बाईंनाच सांगून ठेवा. पंखा काढून हीटसिंकची सफाई दर तीन महिन्यांनी. आणि सगळं उघडून नीट तपासणी वर्षातून एकदा, गड्ड्याची जत्रा आटोपली की फेब्रुवारीत, म्हणजे उन्हाळा तोंडावर यायच्या आत. गणवेशाचा तुमचा हंगाम ऐन एप्रिल-मे-जूनचा. तेव्हा मशीन दोन दिवस दुकानात सोडणं तुम्हाला परवडणार नाही. या वर्षीचा फेब्रुवारी गेलाय, त्यामुळे आत्ताच एक रविवार काढा.

दुरुस्तीवाला आला की झाकण उघडण्याआधी त्याला प्रोसेसरचं तापमान दाखवायला सांगा, एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या कुठल्याही प्रोग्राममध्ये दिसतं, आणि काम झाल्यावर तेवढाच वेळ चालवून पुन्हा दाखवायला सांगा. शक्य असेल तर दुपारीच बोलवा. दोन आकड्यांत पंधरा-वीस अंशांचा फरक दिसला तर त्याचे पैसे आनंदानं द्या. फरकच नसेल तर एकतर पेस्ट वाळलीय किंवा पंखा काढलेलाच नाही, आणि तो समोर असतानाच विचारलेलं बरं. टॅलीचा बॅकअप मात्र तो यायच्या आदल्या रात्रीच पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह मशीनला लावून ठेवू नका, घरी न्या.